वैश्वानर क्रमांक अकरा

माणसाने अग्नीला अंकित केलं तो दिवस सृष्टीच्या इतिहासातला सर्वांत थोर दिवस होय, असं आमचे मालक, म्हणजे काका, दर सोमवारी सकाळी गाळ्याचं शटर वर करताना म्हणत. साधारण बुधवारपर्यंत त्यांच्या भुवया जळालेल्या असत. मी त्यांच्याकडे सहा वर्षं नोकरी केली. त्या काळात त्यांच्या दोन्ही भुवया पूर्ण वाढलेल्या मी दोनदा पाहिल्या, आणि दोन्ही वेळा ते गणपतीला गावी जाऊन नुकतेच परत आले होते.

गाळा मुंबईत घाटकोपरजवळ असल्फ्याला, मेट्रोच्या पुलापासून टेकडीकडे चढत जाणाऱ्या रस्त्यावर. एका इमारतीत असे चाळीस गाळे. आमच्या डावीकडे प्लास्टिकची फुलं बनत, उजवीकडे थर्माकोल कापत. या दोघांच्या मध्ये बसून काका पेट्रोलवर प्रयोग करत. ही गोष्ट मी बायकोला नोकरी लागल्यावर दोन वर्षांनी सांगितली.

धंदा रेडिएटर दुरुस्तीचा होता. ट्रकचे, जनरेटरचे गळके रेडिएटर यायचे, सुरेखाताई त्यांना विजेच्या जाडजूड सोल्डरिंग आयर्नने डाख द्यायची आणि ते न गळता परत जायचे. या विजेच्या आयर्नवर आम्हा सगळ्यांचं पोट होतं, पण काका त्याच्याकडे बघतसुद्धा नसत. "वायरीला बांधलेलं हत्यार म्हणजे पट्ट्यातलं कुत्रं," ते म्हणत. "वीज गेली की काय करशील? भुंकशील?" गॅसवर तापणारी आयर्न बाजारात मिळतात हे त्यांना ठाऊक होतं. पण गॅस त्यांना कमअस्सल वाटे. गॅस आधीच वाफ असतो, त्यात माणसाचं कर्तृत्व ते काय? द्रवाची वाफ आपण करायची, ती आपणच पेटवायची, तिच्यावर तांब्याचं टोक तापवायचं, आणि हा सगळा कारभार एका मुठीत मावला पाहिजे. असं आयर्न कौलावर, पुरात, जंगलात, कुठेही चालेल. ते बनवायला काकांनी बारा वर्षं घालवली होती. त्यांतली शेवटची सहा माझीही गेली.

ज्यांच्या घरात पंपाचा स्टोव्ह होता त्यांना रचना समजावायला नको. मुठीत पितळेची टाकी, टाकीत पेट्रोल, वर पंपाने भरलेली हवा. पुढे एक वेटोळी नळी. स्पिरिटमध्ये भिजवलेल्या काकड्याने ती आधी तापवायची आणि मग चावी उघडायची. पेट्रोल नळीतून जाता जाता वाफ होतं, निपलमधून बाहेर पडतं आणि निळं जळतं. नळी नीट तापली नसेल तर वाफेऐवजी पेट्रोलच बाहेर येतं, आणि ते निळं जळत नाही. अशा घरातल्यांना भडका हा शब्दही समजावायला नको. माझ्या लहानपणी बायका तो आवाज खाली करून उच्चारत. पण स्टोव्ह निदान जमिनीवर असतो, माणसाला मागे सरकता येतं. काकांनी तो माणसाच्या हातात दिला होता.

प्रत्येक नव्या आयर्नला ते वैश्वानर म्हणत. वैश्वानर एक, वैश्वानर दोन, असं. बारशाला नारळ फुटे. सुरेखाताई सगळ्यांना फटाका म्हणायची.

माझं काम रेखाटनांचं. कॉम्प्युटरवर नकाशे काढायचे, मापं द्यायची, आणि काकांनी ती बदलली की पुन्हा काढायची. हे काम मला झेपण्यासारखं होतं. पण गाळ्याचा एक नियम होता, जो मुलाखतीत मला सांगितला गेला नव्हता. ज्याने नकाशा काढला त्याने नवं आयर्न पेटल्यावर पहिल्यांदा हातात धरायचं.

"रेघ मारताना हात थरथरत नाही ना?" काका म्हणाले होते. "मग धरताना का थरथरावा?"

"रेघ पेटत नाही, काका."

"पेटली पाहिजे. तीच तर खोट आहे तुम्हा लोकांच्या रेघांत."

हातमोजा चालत नसे. हातमोजा घातला की हात खोटं बोलतो, असं त्यांचं मत. मुठीतली टाकी किती तापते, किती वेळात तापते, हे उघड्या तळव्यानेच कळायला हवं. आणि तो वेळ मोजायची त्यांची रीत अशी की धरणाऱ्याने मोठ्याने पाढे म्हणायचे, बेपासून पुढे. चटका असह्य झाला की थांबायचं. घड्याळ का नको, असं मी विचारलं होतं. घड्याळाकडे बघणाऱ्याचं लक्ष मुठीवर राहत नाही, आणि पाढा चुकला की माणूस घाबरला हे लगेच कळतं, असं उत्तर मिळालं. त्यामुळे आमच्या चाचण्यांची कागदपत्रं कुणा बाहेरच्याने वाचली तर त्याला ती शाळेची वाटली असती. "वैश्वानर पाच, मूठ, तेराचा पाढा." "वैश्वानर सात, मूठ, सतराचा पाढा, चारदा चुकला." चुकणारा मी.

ती भीती कशी होती ते सांगणं अवघड आहे. काका काकडा पेटवत, स्पिरिटची ज्योत नळीभोवती फिरे, आणि मी उजवा हात पँटला पुसत उभा असे. नकाशे काढणाऱ्याला उजव्या हाताखेरीज फारसं काही नसतं. मग चावी उघडे, एक पोकळ सुसकारा येई, ज्योत पिवळी होई, आणि ती निळी होईपर्यंतच्या तीन-चार सेकंदांत मला माझी सगळी बोटं वेगवेगळी जाणवत. "घे," काका म्हणत. मी घेई. बे एके बे. आजही दाताच्या डॉक्टरकडे खुर्ची मागे झुकली की मी मनातल्या मनात बेचा पाढा सुरू करतो.

एकदा मी डावा हात पुढे केला. काकांनी तो मनगटाला धरून वर उचलला.

"हा कुणाचा हात?"

"माझाच."

"नकाशा याने काढला?"

मी हात बदलला. सुरेखाताई पलीकडून हसली. "अरे, धर ना रे, काही होत नाही. झालंच तर मी आहे ना, डाख देईन तुला."

सुरेखाताईबद्दल सांगायला हवं. तिचे वडील जालन्याकडून मुंबईत आले. ती काकांकडे वीस वर्षं होती, आणि तिच्याइतका स्वच्छ डाख देणारं माणूस मी पाहिलेलं नाही. काकांना सरळ तोंडावर बोलणारी गाळ्यात ती एकटीच. मला ती धाकट्या भावासारखं वागवायची, म्हणजे कामाला लावायची आणि चिडवायची. माझी बायको संध्याकाळी माझी बोटं उलटसुलट करून बघे आणि विचारी, "आज कुठवर?" मी "अठरापर्यंत" म्हटलं की ती मान हलवी. पुढे पुढे ती सुरेखाताईलाच फोन करून विचारू लागली. माझ्या सांगण्यावर तिचा विश्वास उरला नव्हता.

मी नोकरी का सोडली नाही, असं लोक विचारतात. नोकरी सोडायला धैर्य लागतं, टिकवायला नुसती भीती पुरते. शिवाय खरं सांगायचं तर मला आगीपेक्षा काकांची भीती जास्त वाटे. ते ओरडत नसत. ते शुद्ध बोलत. माणूस जितका चुकीचा तितकी त्यांची भाषा शुद्ध होई, आणि एखाद्या ठरावाचा मसुदा वाचावा तसं ते आपल्याला आपल्या अकलेबद्दल सांगत. देवगडकडचा हा माणूस मालवणी बोले तो फक्त तापलेल्या वस्तूंशी. ज्योत फुरफुरू लागली की ते तिच्याजवळ तोंड नेऊन अगदी हळू म्हणत, "शानो मा तू? मगे गप रव." त्या आवाजात ते माझ्याशी एकदा जरी बोलले असते तरी मी आणखी सहा वर्षं राहिलो असतो.

कामावर शंका काढायला त्यांची मनाई नव्हती. फक्त तोंडी शंका चालत नसे. तोंडी शंका म्हणजे कुरकुर, लेखी शंका म्हणजे विचार. त्यासाठी एक जाड शंकावही होती. डाव्या पानावर तारीख घालून शंका लिहायची, उजव्या पानावर काका उत्तर लिहीत. मी एकदा लिहिलं होतं, "टाकीचे सांधे कथील-शिशाच्या डाखाने जोडले आहेत. तो डाख वितळवण्यासाठीच हे हत्यार आहे. हत्यार स्वतःचे सांधे वितळवणार नाही का?" उजव्या पानावर उत्तर आलं, "शंका बालिश आहे." पुढच्या आठवड्यात वैश्वानर चारने स्वतःला उघडलं. मूठ माझ्या हातात राहिली, बूड खाली पडलं, आणि जळतं पेट्रोल एखादं मांजर पळावं तसं फरशीवरून थर्माकोलवाल्याच्या भिंतीकडे गेलं. सुरेखाताईने त्यावर वाळूची बादली ओतली. काकांनी भिजल्या कापडाने माझ्या बुटावरची ज्योत विझवली, मग वही काढली आणि आपलं उत्तर खोडून खाली लिहिलं, "शंका ग्राह्य." त्यानंतर सांधे चांदीच्या डाखाने होऊ लागले. तो लालबुंद होईपर्यंत सुटत नाही.

त्यांच्या वेडाला एखादं कारण असावं असं मला फार दिवस वाटत होतं, कारण मी वाचलेल्या पुस्तकांत ते असे. कोणीतरी स्टोव्हने भाजलेलं, लहानपणीचं काहीतरी. मी सुरेखाताईला विचारलं. ती म्हणाली, "कसलं कारण? आवडतं त्यांना." मी आणखी दोघांना विचारलं. कारण सापडलं नाही.

पेट्रोल साठवायला परवानगी नव्हती. म्हणून गाळ्यात एक स्कूटर उभी असे. तिला मागचं चाक नव्हतं, पण टाकी काठोकाठ भरलेली होती. तपासणीला कुणी आलं तर काका ती पुसत बसत. तिच्यावरून हात फिरवताना त्यांचा चेहरा इतका प्रेमळ होई की चाकाबद्दल विचारायचं कुणालाच सुचत नसे. कामाच्या टेबलापासून स्कूटर दोन हातांवर. मी रोज माझ्या टेबलापासून दारापर्यंतची पावलं मोजत असे. नऊ होती.

आता वैश्वानर अकरा.

त्यात एक दोष राहिला होता. बंद करायची चावी तापली की आपल्या जागी आवळून बसे. मग ती पकडीने फिरवावी लागे, आणि तोवर ज्योत चालू, टाकी तापत चाललेली, आत दाब वाढतोय. मी शंकावहीत लिहिलं की हवा सोडायला स्टोव्हला असतो तसा एखादा स्क्रू द्यावा. उत्तर आलं, "जितकी भोकं तितक्या पळवाटा." मी पुन्हा लिहिलं. पुन्हा तेच उत्तर. असं पाच महिने चाललं. शेवटी मी नकाशात टाकीच्या मागच्या बाजूला, ज्योतीपासून लांब, तीन मिलिमीटरचं एक भोक दाखवलं आणि ते अशा नरम डाखाने बुजवलं, जो चहाच्या आधणातसुद्धा वितळतो. टाकी प्रमाणाबाहेर तापली तर तो आधी वितळेल, दाब मागच्या बाजूने निघून जाईल, ज्योत विझेल. धरणाऱ्याचं कोपर भाजेल, पण माणूस राहील. काकांनी तीन आठवडे वही बंद ठेवली. मग लिहिलं, "नाइलाजाने मान्य."

तो डाख सुरेखाताईने दिला. चाचणीत मीच धरलं होतं. तेविसाच्या पाढ्यावर तो वितळला, वाफ फस्सकन मागे गेली, ज्योत विझली, आणि माझ्या शर्टाची बाही काळी झाली. मी इतका आनंदलो होतो की पाढा तिसापर्यंत पुरा केला. सुरेखाताईने भोक पुन्हा तसंच बुजवलं. बाकीचे सांधे चांदीचे, लखलखीत, आणि त्यांच्यामध्ये हा राखाडी, मंद ठिपका. तो काकांच्या नजरेत खुपे. गाळ्यातून मळकट डाख बाहेर जाऊ द्यायचा नाही, हे त्यांनी चाळीस वर्षं पाळलं होतं. ते येता-जाता त्यावर अंगठा फिरवत.

त्याच सुमारास पूर आलेल्या भागांत दुरुस्तीची अवजारं पुरवणारी एक संस्था काकांना भेटली. वीज नसताना चालेल असं सोल्डरिंग आयर्न त्यांना हवं होतं. बारा वर्षांत पहिल्यांदा कुणालातरी ते हवं होतं. एका सकाळी अकरा वाजता संस्थेची तीन माणसं गाळ्यात आली, गळ्यात ओळखपत्रं अडकवलेली. त्यांतल्या ज्येष्ठांना बाकीचे दोघे मोठे साहेब म्हणत. काकांनी कोट घातला होता. टेबलावर पांढरी चादर, चादरीवर वैश्वानर अकरा, त्याला झेंडूचं फूल. काका वीस मिनिटं बोलले. अश्मयुगापासून ते कसेबसे पेट्रोलपर्यंत पोहोचले तेव्हा मोठे साहेब घड्याळाकडे बघत होते.

"आज मी स्वतः धरणार," काका म्हणाले. नियमाला तो एकच अपवाद. मला इतकं हलकं वाटलं की मी चक्क पुढे येऊन उभा राहिलो.

पेटवलं. ज्योत एका दमात निळी झाली. काकांनी मूठ उजव्या हातात घेतली, डाव्या हाताने डाखाची तार लावत पत्र्याच्या दोन पट्ट्यांवर सुंदर डाख ओढला, पाहुण्यांनी माना डोलावल्या, आणि मग काकांनी पाढे सुरू केले. मोठे साहेब प्रथम गोंधळले, मग त्यांना ते आवडलं. बारापर्यंत तेही ओठ हलवत होते. विसाच्या पाढ्यावर थांबायचं ठरलं होतं. वीस दाहे दोनशे म्हणून काकांनी चावी फिरवली. ती फिरली नाही. पकड टेबलाखालच्या खणात होती. पाहुण्यांसमोर पकड मागणं म्हणजे दोष कबूल करणं. काका हसले आणि म्हणाले, "एकवीस एके एकवीस."

पाहुण्यांना वाटलं, उत्साह आहे.

मूठ त्यांच्या हातात किंचित कलली आणि मला टाकीची मागची बाजू दिसली. सगळे सांधे चमकत होते. सगळे. राखाडी ठिपका कुठेच नव्हता. त्याच्या जागी चांदीचा डाख होता, सुबक, गोल, भांडं घडवणाऱ्यालाही अभिमान वाटावा असा. पॉलिश केलं असेल, असं मी स्वतःला सांगितलं. ते खोटं आहे हे मला सांगतानाच कळत होतं. तो नरम डाख कितीही घासला तरी असा चमकत नाही.

"काका," मी म्हणालो, "एक विचारायचं होतं."

"बावीस दुणे चव्वेचाळीस. शंका लेखी द्यावी."

पाहुणे हसले. आणि मी काय केलं असेल? मी शंकावही घेतली. पेन शोधलं. डाव्या पानावर तारीख घातली. तारखेखाली रेघ मारली. आणि माझ्या बऱ्यापैकी अक्षरात लिहिलं, "टाकीच्या मागील भोकाचा डाख बदलण्यात आला आहे काय?" 'बदलण्यात आला आहे काय' असं लिहिलं. माझ्यापासून दोन हातांवर एक पेटता, तापता, सगळ्या बाजूंनी बंद डबा होता, आणि मी कर्मणी प्रयोग करत होतो. सहा वर्षांत मला ओरडायची सवयच राहिली नव्हती.

वही मी काकांसमोर धरली तेव्हा ते तेविसाच्या पाढ्यावर होते. ज्योतीचा सुसकारा बारीक होऊन शिट्टीसारखा झाला होता. त्यांनी वाचलं. तेवीस दाहे दोनशे तीस. डाख वितळायची वेळ होऊन गेली होती. ते खाली, आपल्या मुठीकडे बघत राहिले, आणि त्यांच्या तोंडावरून मला सगळं कळलं. सकाळी पुसताना तो मळकट ठिपका दिसला असणार, आणि डोक्याच्या आधी हात चालला असणार. चाळीस वर्षांची सवय.

त्यांनी मान वर केली आणि अत्यंत शुद्ध आवाजात म्हणाले, "मंडळी, चहा बाहेर ठेवलेला आहे. आपण सर्वांनी आत्ता, याच क्षणी, चहाला जावं."

बाहेर चहा नव्हता. पण त्या आवाजात काहीतरी होतं. सगळ्यांत शेवटी मी बाहेर पडलो असं लिहायला मला आवडलं असतं. मी दुसरा होतो. पहिले मोठे साहेब.

सुरेखाताई आत राहिली. बाहेरच्या बोळात आम्ही चौघं भिंतीला पाठ लावून उभे होतो, शेजारच्या गाळ्यातून प्लास्टिकच्या गुलाबांचा एक ढीग आमच्याकडे बघत होता, आणि आतून आवाज येत होते.

"पकड दी गो."

"ही घ्या. फिरवा. फिरवा ना, काका!"

"चोवीस त्रिक बहात्तर. फिरता पण बंद होना नाय. आटे गेले."

"टाका ते खाली!"

"खंय टाकू? स्कूटर बग."

ते खरं होतं. टाकायला जागा नव्हती. मोरीत पाण्याचा ड्रम होता, पण मोरी गाळ्याच्या मागच्या टोकाला, आणि वाट स्कूटरच्या अंगावरून. जळतं टोक वर धरून, अंग चोरून जायचं. मला ती पावलं माहीत नव्हती. मी दाराचीच मोजली होती.

"मी झाकण काढते. सावकाश या. सावकाश."

मग फक्त शिट्टी, आणि शिट्टीच्या वर पाढे. हात सुटू नये म्हणून ते म्हणत होते हे मला कळत होतं, कारण मीही सहा वर्षं त्यासाठीच म्हणत होतो. चोवीस संपला. पंचवीस. सव्विसाला आवाज चिरकला, पण आकडा चुकला नाही. सत्तावीस. मला वाटलं आता, आता, आता. शेजारी मोठ्या साहेबांनी डोळे मिटले होते. अठ्ठावीस दुणे छप्पन्न. मग पाढा थांबला आणि तो दुसरा आवाज आला, ज्योतीशी बोलायचा, अगदी हळू. "रव रे बाबा. झालाच. रव."

पाण्यात काहीतरी मोठ्याने फसफसलं. शिट्टी बंद झाली.

किती वेळ शांतता होती ते सांगता येणार नाही. मी पाढा म्हणायला विसरलो होतो.

"मेलं नाही कुणी," आतून सुरेखाताईचा आवाज आला. "या आत, शूरवीर."

काका ड्रममध्ये कोपरापर्यंत हात घालून उभे होते. कोटाची बाही पाण्यावर तरंगत होती. हात बाहेर काढायला ते तयार नव्हते. सुरेखाताई त्यांच्यासमोर कमरेवर हात ठेवून उभी होती आणि तिचे डोळे भरले होते, पण आवाज चढलेला होता.

"तो डाख मी दिला होता ना, काका? कुणी सांगितलं होतं हात लावायला?"

"मळको दिसत होतो गो तो," काका म्हणाले.

त्या वेळी त्यांच्या समोर तापलेलं काहीही नव्हतं.

तळव्याची कातडी मुठीबरोबर निघून आली होती. रिक्षात मी त्यांच्या शेजारी बसलो. घाटकोपर येईपर्यंत मी एकच वाक्य जुळवत होतो, की मी ओरडायला हवं होतं. ते त्यांच्या आधीच लक्षात आलं असावं. "तारीख घातली होतीस," ते म्हणाले, आणि हसले की काय ते मला कळलं नाही. जखम भरायला तीन महिने लागले. तळवा पुढे कायमचा गुळगुळीत राहिला, एक रेघ उरली नाही. दोन आठवड्यांनी ते गाळ्यात आले, शंकावही उघडली, आणि माझ्या प्रश्नासमोरच्या पानावर डाव्या हाताने, वाकड्या अक्षरांत एक शब्द लिहिला, "होय." त्यानंतर त्यांनी पुन्हा काही पेटवलं नाही. गाळा सुरेखाताईकडे गेला. मी वांद्र्याला एका ऑफिसात लागलो, जिथे माझ्या रेघांची चाचणी कोणीही उघड्या हाताने घेत नाही. काका देवगडला असतात, आणि त्यांच्या भुवया, सुरेखाताई सांगते, आता जंगल झाल्या आहेत.

संस्थेचा अहवाल दीड महिन्याने आला. तीन पानं, शिक्का, तिघांच्या सह्या. उपकरणाची घडण, डाखाचा दर्जा आणि विजेशिवाय चालण्याची क्षमता यांबद्दल समाधान व्यक्त केलं होतं. शेवटच्या पानावर 'त्रुटी' असा मथळा होता आणि त्याखाली एकच ओळ होती. मूठ किंचित गरम होते.